कंकणावरील दोन अचल बिंदू

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, स्मरणिकेसाठी किंचित वाढवून)



आपल्या संमेलनात आजवर जी व्याख्याने झाली ती बहुधा संतचरित्रे, आरोग्य, मुलांचे शिक्षण, विवाहातील अनाठायी खर्च अशा विषयांवर झाली. यंदा चिटणीसांनी विषयाची निवड आमच्यावर सोपवली, आणि आम्ही निवडला तो गणितातील एक सिद्धांत. हे ऐकून मागच्या रांगेतील काही मंडळी चहाच्या दिशेने पाहू लागली आहेत, ते आमच्या ध्यानात आले आहे. त्यांस इतकेच आश्वासन देतो की, फळ्यावर एकही समीकरण लिहिले जाणार नाही. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. हयात गेली ती मुलांना अपूर्णांक व भूमिती शिकवण्यात. तेव्हा अपूर्णांक आणि वर्तुळ यांच्या पलीकडे आम्ही आपणांस नेणार नाही, आणि सुदैवाने या विषयाचा गाभा समजण्यास तेवढी सामग्री पुरेशी आहे.

प्रथम जात्याची वरची तळी डोळ्यांपुढे आणा. बाहेरून वाटोळी, आणि मधोमध दाणे घालण्याचे भोक. ही तळी थोडीशी फिरवून थांबवली, तर तिच्यावरील कोणता कण आपल्या मूळ जागी राहिला? एकही नाही. जो राहिला असता तो अगदी मध्यावरचा. पण तेथे दगडच नाही, भोक आहे. आता भोक नसलेली सपाट थाळी घ्या व तशीच फिरवा. येथे मध्यबिंदू हलत नाही. थाळी नुसती फिरवण्याऐवजी तिच्यातील पदार्थ वाटेल तसा ओढला, दाबला, मुरडला, फक्त तो कोठे फाटू दिला नाही व थाळीबाहेर जाऊ दिला नाही, तरीही निदान एक बिंदू जेथल्या तेथे सापडतोच. हा ब्राउवर या डच गणितज्ञाचा सिद्धांत, १९१० च्या सुमारास सिद्ध झालेला. अशा न हललेल्या बिंदूस अचल बिंदू म्हणतात. तात्पर्य, भोक नसले तर अचल बिंदू हमखास मिळतो. भोक पडले की ती हमी जाते. आजचा आमचा विषय भोक पडलेल्या आकृतीचा, म्हणजे कंकणाचा आहे. कंकणाकृती सूर्यग्रहणात जी प्रकाशाची कडी दिसते, तीच ही आकृती.

आता असे समजा की, हे कंकण दगडाचे नसून पाण्यासारख्या पदार्थाचे आहे, आणि आपण त्याची अशी हालचाल केली की, बाहेरची कड उजवीकडे सरकली व आतली कड डावीकडे. मधला भाग कसाही वळला असेल, कोठे आत शिरला असेल, कोठे बाहेर आला असेल. अट एकच. कोणत्याही तुकड्याने व्यापलेली जागा जितकी होती तितकीच राहिली पाहिजे. तुकड्याचा आकार बदलो, तो लांबट होवो की वाकडा, पण शेरभर पाण्याचे सव्वाशेर होता कामा नये. गणिती मंडळी अशा हालचालीस क्षेत्रफळ राखणारे रूपांतर म्हणतात. सिद्धांत असा की, अशा हालचालीत कंकणावर निदान दोन बिंदू अचल राहिलेच पाहिजेत.

एवढेच विधान. याचे कर्ते आंरी प्वांकारे हे थोर फ्रेंच गणितज्ञ, जन्म १८५४, मृत्यू १९१२. हे त्यांचे अखेरचे मोठे विधान होय, आणि ते त्यांना स्वतःला सिद्ध करता आले नाही. या गोष्टीकडे आम्ही पुढे येऊ. आधी विधानातील दोन्ही अटी कशासाठी आहेत ते पाहू, कारण विद्यार्थी सिद्धांत पाठ करतात आणि अटी विसरतात, असा आमचा जन्मभराचा अनुभव आहे.

दोन्ही कडा एकाच दिशेने फिरल्या तर काय होते हे जात्याने दाखवलेच. क्षेत्रफळ तर राखले जाते, पण अचल बिंदू एकही नाही. म्हणून कडा विरुद्ध दिशांना फिरणे आवश्यक. आता दुसरी अट काढून टाका. कडा विरुद्ध फिरवा, पण मधल्या प्रत्येक बिंदूस थोडेथोडे बाहेरच्या कडेकडे ढकला. कडांवरील बिंदू फिरले म्हणून हलले, मधले बाहेर सरकले म्हणून हलले. पुन्हा एकही अचल नाही. पण असे ढकलताना आतला भाग ताणून विरळ झाला आणि बाहेरचा दाटला, म्हणजे क्षेत्रफळ राखले गेले नाही. दोन्ही अटी एकत्र आल्या तरच सिद्धांत उभा राहतो.

आता ही गोष्ट खरी का असावी? सोप्या प्रसंगी तिचे कारण इतके सरळ आहे की, आठवीच्या मुलास सांगता येईल. मध्यापासून बाहेर जाणारी एक सरळ रेषा घ्या, गाडीच्या चाकाच्या आऱ्यासारखी. त्या आऱ्यावर आतल्या टोकाचा बिंदू डावीकडे गेला आहे, बाहेरच्या टोकाचा उजवीकडे. मग डावे संपून उजवे सुरू होताना मध्ये कोठेतरी असा बिंदू असणार, की जो ना डावीकडे गेला ना उजवीकडे. तो हलला असेल तर आपल्या आऱ्यावरच, आत किंवा बाहेर. असा एकेक बिंदू प्रत्येक आऱ्यावर मिळेल. समजा, प्रत्येक आऱ्यावर असा बिंदू एकच आहे. मग हे सर्व बिंदू जोडून कंकणाभोवती एक बंद वेढा तयार होतो. आता विचारा, या वेढ्यावरचे सगळेच बिंदू बाहेर सरकले असतील काय? तसे झाले तर नवा वेढा जुन्याच्या पूर्णपणे बाहेर पडेल, आणि आतली कड व वेढा यांच्यामधील जागा पूर्वीपेक्षा वाढेल. पण जागा वाढता कामा नये. त्याच कारणाने सगळे बिंदू आतही सरकणार नाहीत. म्हणून काही आत व काही बाहेर सरकले असतील. आणि वेढ्यावरून चालत जाताना ‘बाहेर’ संपून ‘आत’ सुरू होते तेथे एक, व ‘आत’ संपून पुन्हा ‘बाहेर’ सुरू होते तेथे दुसरा, असे दोन बिंदू ना डावे ना उजवे, ना आत ना बाहेर. वेढा बंद असल्यामुळे एकदा आत गेलेल्यास पुन्हा बाहेर यावेच लागते, म्हणून बिंदू एक नव्हे, दोन.

मग अडले कोठे? अडले ते ‘समजा’ या शब्दापाशी. एका आऱ्यावर असा बिंदू एकच असेल असे कोणी सांगितले? डावे-उजवे, पुन्हा डावे, पुन्हा उजवे असे तीन, पाच, सात वेळाही होऊ शकते. मग वेढा सरळ राहत नाही. तो स्वतःवर दुमडतो, त्याचे तुकडे सुटून निराळी कडी बनतात, आणि कोणता तुकडा कोणाच्या बाहेर आहे हे सांगता येईनासे होते. प्वांकारे यांनी एकेक प्रकार घेऊन तपासला. ज्या ज्या प्रकारास हात घातला तेथे विधान खरे ठरले. पण सर्व प्रकारांना एकदम लागू पडेल अशी सिद्धता हाती येईना.

येथे कोणी भगिनी विचारतील, आणि विचारणे रास्तच आहे, की कंकणावर दोन बिंदू हलले नाहीत म्हणून कोणाचे काय अडले? याचे उत्तर आकाशात आहे. सूर्य आणि पृथ्वी, असे दोनच गोल असते तर त्यांची गती कशी असेल हे न्यूटनपासून ठाऊक आहे. तिसरा गोल, म्हणजे चंद्र, आला की हिशेब सुटत नाही. स्वीडन व नॉर्वेचे राजे दुसरे ऑस्कर यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त जी गणितस्पर्धा जाहीर झाली, तिचे २५०० क्रोनरचे पारितोषिक जानेवारी १८८९ मध्ये प्वांकारे यांच्या याच विषयावरील निबंधास मिळाले. पुढे निबंध छापला जात असता फ्रागमेन नावाच्या तरुण संपादन-साहाय्यकाने काही जागी शंका विचारल्या. त्यांची उत्तरे देता देता प्वांकारे यांना स्वतःलाच निबंधात एक गंभीर चूक आढळली. छापलेल्या प्रती परत मागवण्यात आल्या, आणि नव्याने छपाईचा खर्च प्वांकारे यांनी सोसला. तो होता ३५८५ क्रोनरहून काही अधिक, म्हणजे पारितोषिकापेक्षा हजाराने जास्त! सुधारलेला निबंध १८९० मध्ये निघाला व तोच पुढे अजरामर झाला. आकाशातील गती किती गुंतागुंतीची होऊ शकते याचे पहिले दर्शन त्याच निबंधात घडले.

त्या निबंधात आणखी एक गोष्ट होती. मर्यादित जागेत माप राखून होणारी हालचाल पुनःपुन्हा करीत राहिले, तर जवळजवळ प्रत्येक बिंदू कधी ना कधी आपल्या मूळ जागेच्या अगदी समीप परत येतो, आणि असा अनंत वेळा येतो. हे फार मोठे सत्य आहे. पण ‘समीप’ आणि ‘नेमके तेथेच’ यांत अंतर आहे. सावकाराच्या समीप रक्कम नेऊन ठेवली म्हणून कर्ज फिटत नाही. नेमका त्याच जागी, त्याच वेगाने परत येणारा गोल हवा असेल तर अचल बिंदू शोधावा लागतो. त्याचे कारण असे.

एखादा वाटसरू गावाभोवती नित्य हिंडतो असे समजा. त्याच्या मागे दिवसभर फिरण्याऐवजी आपण वेशीत बसावे, आणि तो जेव्हा जेव्हा वेशीतून आत येईल तेव्हा तो वेशीत कोठून आला व कोणत्या रोखाने आला, एवढेच टिपावे. आजच्या नोंदीवरून उद्याची नोंद ठरते, हा निसर्गनियम. दोन आकड्यांची प्रत्येक नोंद म्हणजे कागदावरचा एक बिंदू, आणि आजच्या बिंदूवरून उद्याच्या बिंदूकडे जाणे म्हणजे कागदावरील हालचाल. यंत्रशास्त्राच्या नियमांनीच ही हालचाल माप राखणारी असते. आता उद्याचा बिंदू आजच्याच जागी पडला, तर? तर वाटसरूचा पुढचा सारा प्रवास कालच्यासारखाच होणार, आणि परवाही तसाच, आणि निरंतर तसाच. अचल बिंदू म्हणजे पुनरावृत्त होणारी गती. प्वांकारे यांनी ग्रहगतीचा प्रश्न असा कागदावर उतरवला, तेव्हा काही महत्त्वाच्या प्रसंगी कागदावरची आकृती कंकणाची निघाली. कंकणावरील दोन बिंदू म्हणजे आकाशातील दोन नियमित कक्षा.

किंबहुना दोन म्हणून थांबण्याचे कारण नाही, आणि येथे आमचे आवडते अपूर्णांक उपयोगी पडतात. समजा, एका हालचालीत आतली कड पाव फेरा फिरते व बाहेरची कड त्याच दिशेने अर्धा फेरा. दिशा एकच, म्हणून सिद्धांत थेट लागू नाही. पण पाव आणि अर्धा यांच्यामध्ये एकतृतीयांश आहे. तीच हालचाल लागोपाठ तीन वेळा करा. आतली कड पाऊण फेरा गेली, बाहेरची दीड. आता सगळ्या कंकणास एक पूर्ण फेरा उलट फिरवा. पूर्ण फेऱ्याने कोणाचीच जागा बदलत नाही, पण हिशेबात आतली कड पाव फेरा मागे पडली आणि बाहेरची अर्धा फेरा पुढे गेली. दिशा विरुद्ध झाल्या! म्हणजे तीन हालचालींनंतर मूळ जागी येणारे बिंदू निश्चितपणे आहेत. एकतृतीयांशाऐवजी दोनपंचमांश घ्या, पाच वेळा हालचाल करा, दोन फेरे वजा करा. आतली कड पाऊण फेरा मागे, बाहेरची अर्धा फेरा पुढे. पाच हालचालींनंतर परतणारे बिंदूही मिळाले. पाव आणि अर्धा यांच्या दरम्यान अपूर्णांक किती आहेत? अनंत. म्हणून पुनरावृत्त गतीही अनंत. घरी गेल्यावर मुलांनी तीनसप्तमांशाचा हिशेब करून पाहावा.

आता त्या अपुऱ्या राहिलेल्या सिद्धतेकडे वळतो. प्वांकारे यांनी दोन वर्षे या विधानाशी झुंज घेतली. ९ डिसेंबर १९११ रोजी त्यांनी इटलीतील पालेर्मो शहरी गुच्चा यांस एक पत्र लिहिले. गुच्चा हे पालेर्मोच्या गणितमंडळाचे संस्थापक व तेथील नियतकालिकाचे संपादक. पत्राचा आशय असा की, या विषयावर दोन वर्षे श्रम करूनही पुरे यश आले नाही. तो काही काळ बाजूस ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्या वयास तो पुन्हा हाती घेता येईलच अशी खात्री धरता येत नाही. तथापि जे थोडे हाती लागले आहे ते इतरांस नवी वाट दाखवील असे वाटते, म्हणून अपुरा लेख छापण्यास आपली हरकत नसावी. त्या वेळी त्यांचे वय सत्तावन्न होते, आणि साऱ्या युरोपात त्यांच्या तोडीचा गणितज्ञ दाखवणे कठीण होते.

गुच्चा यांनी लेख छापला. लेखाच्या आरंभी प्वांकारे यांनी स्वच्छ सांगून टाकले की, इतके अपुरे काम आपण आजवर कधी लोकांपुढे ठेवलेले नाही. लेख १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या जुलैत प्वांकारे यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि १७ जुलै रोजी त्यांचे देहावसान झाले.

येथे थोडे विषयांतर करतो, त्याची क्षमा असावी. आपल्या घरांतून वडीलधारी माणसे अपुरी कामे दडवून ठेवतात. अपुरी वंशावळ, अर्धी लिहिलेली आठवण, अर्धवट सुटलेला जमिनीचा हिशेब ट्रंकेच्या तळाशी जातो. पुरे झाल्याखेरीज कोणास दाखवू नये अशी एक अब्रूची कल्पना असते, आणि मग तो माणूस जातो व कागद रद्दीत जातो. गणितातही ही अब्रूची कल्पना कमी नाही, उलट अधिकच आहे. सिद्धतेविना विधान छापणे म्हणजे बांधकामाविना घरभरणी. ज्याने एकदा स्वतःच्या चुकीपायी हजारो क्रोनर भरले, त्याला ही भीती इतरांहून जास्त असावयास हवी होती. तरी त्याने लेख धाडला. आम्हांस या सिद्धांताइतकेच ते पत्र मोलाचे वाटते.

पुढे काय घडले? २६ ऑक्टोबर १९१२ रोजी, म्हणजे प्वांकारे यांच्या निधनास साडेतीन महिनेही झाले नव्हते तोच, जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाने अमेरिकन गणितसभेपुढे पूर्ण सिद्धता मांडली. ती १९१३ च्या आरंभी छापून आली आणि अवघी नऊ पृष्ठांची होती! बर्कहॉफ यांचा जन्म मिशिगन राज्यातील एका खेड्यातला. ते त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठात रुजू झाले होते. प्वांकारे यांचे तोंडही त्यांनी वर्गात शिष्य म्हणून कधी पाहिले नव्हते, पण त्यांचे ग्रंथ त्यांनी मनापासून अभ्यासले होते.

त्यांची युक्ती थोडक्यात सांगतो. कंकण एका जागी कापून, उलगडून, त्याची दोन्ही बाजूंना न संपणारी पट्टी करावी; फेरे मोजावयाचे तर हे लागतेच. समजा, अचल बिंदू एकही नाही. मग प्रत्येक बिंदूपासून त्याच्या नव्या जागेकडे एक बाण काढता येतो. खालच्या कडेवर सारे बाण डावीकडे, वरच्या कडेवर सारे उजवीकडे. खालून वर चालत जाताना बाण अर्धा वेढा वळून जातो. तो घड्याळाच्या काट्यासारखा वळतो की उलट, एवढाच प्रश्न. बाण कोठेही नाहीसा होत नसल्यामुळे, कोणत्याही वाटेने गेले तरी उत्तर एकच यावयास हवे. आता हालचालीत वरच्या दिशेने किंचित सरक मिसळा. क्षेत्रफळ राखले जात असल्यामुळे खालच्या कडेशी जी पातळ पट्टी मोकळी होते ती पुनःपुन्हा पुढे सरकत नवी नवी जागा व्यापते, आणि जागा मर्यादित म्हणून अखेर तिला वरच्या कडेपर्यंत पोहोचावेच लागते. या वाटेने गेले तर बाण एका दिशेने वळतो. तीच युक्ती उलट हालचालीस लावली की तो विरुद्ध दिशेने वळतो. एकाच प्रश्नास दोन उत्तरे! म्हणून मूळ समजूतच खोटी, आणि अचल बिंदू आहे.

मात्र गोष्ट येथे संपली नाही. या सिद्धतेने एक बिंदू निःसंशय मिळाला. दुसऱ्याविषयी काही जाणकारांस शंका राहिली. बर्कहॉफ यांनी १९२५ साली विस्तृत लेख लिहून दुसऱ्या बिंदूची बाजूही भक्कम केली. तरीही कुरबूर चालू राहिली, आणि अखेर १९७७ मध्ये मॉर्टन ब्राउन व वॉल्टर नॉयमन या दोघांनी बर्कहॉफ यांचीच सिद्धता बारीकसारीक तपशिलासह पुन्हा लिहून काढली, तेव्हा ती थांबली. प्वांकारे यांच्या लेखापासून पासष्ट वर्षे.

बर्कहॉफ यांचे नाव आपल्याकडे अगदीच परके नाही. ते हार्वर्डला शिकवीत असतानाच आपल्या गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी तेथे शिकत होते, आणि १९२९ मध्ये त्यांनी तेथील पदवी घेतली. या बुद्धिमान विद्यार्थ्याने गणितावरच लक्ष केंद्रित करावे असे बर्कहॉफ यांचे मत होते. कोसंबींनी मात्र अनेक भाषा व शास्त्रे एकदम हाती धरली. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी कित्येक वर्षे गणित शिकवले, हे ज्येष्ठांस ठाऊक असेलच. त्यांनी इतिहासात केलेले कार्य पाहता, बर्कहॉफ यांचा सल्ला त्यांनी मानला नाही हे आम्हांस बरे वाटते. पण हे आमचे खासगी मत.

बर्कहॉफ यांनी या सिद्धांताचा एक उपयोग असा दाखवला की, तो ऐकून तरुण मंडळींचे कान टवकारतील. गुळगुळीत, गोलसर, कोठेही आत न दबलेल्या कडेचा एक बिलियर्डचा पट घ्या. लंबवर्तुळाकार म्हणा, अंड्याच्या आकाराचा म्हणा. त्यावर एक चेंडू विनाअडथळा अखंड फिरतो आहे व ज्या कोनाने कडेवर आदळतो त्याच कोनाने परततो. कॅरम खेळणारास हे सांगणे नलगे. प्रत्येक टोल्याच्या दोनच नोंदी ठेवा, कडेवर कोठे लागला आणि कोणत्या कोनाने निघाला. कडेवरची जागा फिरून फिरून त्याच ठिकाणी येते, आणि कोन शून्य अंशापासून १८० अंशांपर्यंत. म्हणजे झाले कंकण. एका कडेवर चेंडू कडेलगत जेमतेम पुढे सरकतो, दुसऱ्या कडेवर जवळजवळ पूर्ण फेरा मारतो. राखले जाते ते साधे क्षेत्रफळ नव्हे, कोनानुसार कमीअधिक वजन दिलेले माप. पण सिद्धांताचे काम तेवढ्याने भागते. मग वरच्या अपूर्णांकांच्या युक्तीने असे निघते की, दोन टोल्यांत परत येणारे निदान दोन मार्ग, तीन टोल्यांचे निदान दोन त्रिकोण, चारांचे, पाचांचे, हव्या तितक्या टोल्यांचे बंद मार्ग प्रत्येक पटावर आहेत. लंबवर्तुळावर दोन टोल्यांचे मार्ग म्हणजे त्याचा मोठा अक्ष आणि छोटा अक्ष. त्रिकोणांपैकी एक सापडणे सोपे आहे: कडेवर तीन बिंदू असे घ्यावेत की त्यांच्या त्रिकोणाची परिमिती सर्वांत मोठी होईल, चेंडू त्याच त्रिकोणावरून फिरत राहतो. दुसरा त्रिकोण मात्र सहजासहजी डोळ्यांस दिसत नाही, आणि तेथेच सिद्धांताची थोरवी आहे.

इतर पृष्ठांविषयी दोन शब्द. चेंडूच्या पृष्ठावर, आरशातल्यासारखी उलटापालट न करता क्षेत्रफळ राखणारी हालचाल केली, तर तेथेही निदान दोन अचल बिंदू असतात, पृथ्वी फिरताना दोन ध्रुव असतात तसे. हे सर्वसामान्य रूपात १९७४ मध्ये सिद्ध झाले. मेदुवड्याच्या पृष्ठावर प्रकार निराळा. तेथे सगळेच बिंदू एका दिशेने सारखे सरकवले तर एकही अचल राहत नाही. परंतु सरासरीने कोणतीच सरक नसलेली हालचाल घेतली, तर? रशियाचे आर्नोल्ड यांनी १९६५ च्या सुमारास याविषयी एक व्यापक अनुमान मांडले, आणि १९८३ मध्ये कॉन्ली व त्सेंडर यांनी दाखवले की, मेदुवड्यावर असे बिंदू निदान तीन असतात. कंकणावर दोन, मेदुवड्यावर तीन. ही शाखा आज गणितात फार विस्तारली आहे, तिच्या खोलात आम्ही शिरत नाही.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. नदीतला एखादा गुळगुळीत गोटा घ्या व त्याच्याभोवती दोरा असा ताणून बसवा की तो कोठेही बाजूस वळू पाहणार नाही आणि फिरून स्वतःस येऊन मिळेल. असे किती वेढे शक्य आहेत? प्वांकारे यांनी १९०५ मध्ये या प्रश्नास हात घातला होता. १९९२ मध्ये जॉन फ्रँक्स यांनी कंकणाविषयी असे सिद्ध केले की, क्षेत्रफळ राखणाऱ्या हालचालीत एक जरी बिंदू ठरावीक फेऱ्यांनी परत येत असेल, तर असे बिंदू अनंत असतात. या शोधाची व बांगर्ट यांच्या १९९३ मधील कामाची सांगड घालून उत्तर मिळाले, की गोट्याचा आकार कसाही असो, असे वेढे अनंत आहेत. कंकणाचा सिद्धांत येथवर उपयोगी पडेल हे पालेर्मोस पत्र लिहिणाऱ्यासही दिसले नसावे.

आणि आता मुलांसाठी एक अपुरे राहिलेले गणित. बिलियर्डचा पट गुळगुळीत कडेचा न घेता त्रिकोणी घेतला, तर कोपऱ्यांमुळे कंकणाची युक्ती चालत नाही. लघुकोन त्रिकोणात उत्तर १७७५ पासून ठाऊक आहे, आणि ते शाळेच्या भूमितीतलेच आहे: तिन्ही शिरोबिंदूंतून समोरच्या बाजूंवर लंब टाका, लंबांचे तीन पाय जोडा, चेंडू त्या छोट्या त्रिकोणावरून अखंड फिरत राहतो. काटकोन त्रिकोणातही बंद मार्ग सापडतो. विशालकोन त्रिकोणात सर्वांत मोठा कोन १०० अंशांपर्यंत असेल, तर बंद मार्ग असतोच, हे रिचर्ड श्वार्ट्झ यांनी २००९ मध्ये संगणकाच्या साहाय्याने दाखवले. त्याहून मोठ्या कोनाच्या काही त्रिकोणांत मार्ग सापडलेले आहेत. पण कोणताही विशालकोन त्रिकोण घेतला तरी त्यात बंद मार्ग असतो की नाही, हे अद्याप कोणासही सिद्ध करता आलेले नाही. कंपास, कोनमापक आणि टोक केलेली पेन्सिल एवढ्यावर सुरुवात करता येते. ज्या मुलामुलींस १०० अंशांपुढच्या एखाद्या त्रिकोणात मार्ग सापडेल, त्यांनी आकृती काढून आमच्याकडे आणावी. आम्ही संमेलनाच्या दोन्ही दिवशी येथेच आहोत.